विषय: थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी!!

मंडळी नमस्कार,
यंदा २७ नोव्हेंबर २०२५ ला थँक्सगिव्हिंग, आणि कॅलेंडर बघते तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही नेमका तोच. थँक्सगिव्हिंग दरवर्षी गुरुवारीच आणि जेवणात टर्की हा पक्षी, म्हणून आमच्याकडे एरवीही थोडी कुरकुर असतेच पण यावेळी सासूबाई इथे आहेत, त्यांचं महालक्ष्मीचं व्रत, आणि त्यातच व्याही आणि विहीणबाई ओहायोहून पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला येतायत. टर्की व्याही स्वतः करतात, त्यांच्या घरी तो त्यांचाच मान. विहीणबाई मार्शमेलोवालं रताळ्याचं कॅसरोल आणि पंपकिन पाय (भोपळ्याचं गोड सारण भरलेला पदार्थ) आणणार. म्हणजे एकाच किचनमध्ये पुरण आणि टर्की!! कोणी असं निभावलंय का? आणि कलशात ठेवायला पाच झाडांचे डहाळे कुठून आणू, इथे न्यू जर्सीत तोवर झाडं बोडकी झालेली असतात.
शुभांगी

---

शुभांगीताई, सोप्पंय, गुरुवार पूर्ण शाकाहारी आणि टर्की शुक्रवारी. नाहीतरी शुक्रवारी सगळे दुकानांच्या लायनीतून दमूनच येतात. फक्त फ्रोजन आणणार असाल तर १६ पौंडाचा पक्षी फ्रिजमध्ये सुटायला चार दिवस लागतात, म्हणजे सोमवारीच खाली काढा, बाहेर ओट्यावर ठेवू नका. पोटात काळीज-बिळीज भरलेली पिशवी असते ती आठवणीने काढायची. आणि थर्मामीटर मांडीत खुपसून १६५ फॅरनहाइट दिसलं की झालं, रंगावर जाऊ नका.
मंदार

---

मंदार, अरे ते लोक आठ-नऊ तास गाडी हाकत येणार आणि तू त्यांना थँक्सगिव्हिंगला वरणभात वाढ म्हणतोस? पाहुण्यांचा सण आहे तो. शुभांगी, टर्की बाहेर झाकणवाल्या ग्रिलवर करू दे व्याह्यांना, छान होते, ओव्हन तुझा मोकळा. दुपारी दोनला त्यांचं जेवण, सासूबाईंचा उपास तसाही संध्याकाळी पूजा-कहाणी-नैवेद्य झाल्यावरच सुटणार, तेव्हा वेळा आपोआपच वेगळ्या होतात.

खरी भानगड टर्कीची नाहीच, ती निदान दिसते तरी. न दिसणारं बघ. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. पंपकिन पायमध्ये अंडी. विकतच्या पायच्या कव्हरात कधीकधी लार्ड असतं, डुकराची चरबी गं! स्टफिंगमध्ये, म्हणजे टर्कीसोबतच्या पावाच्या सारणात, चिकन ब्रॉथ. आजी बिचाऱ्या रताळं उपासाला चालतं म्हणून विश्वासाने चमचाभर घेतील. तेव्हा विहीणबाईंना आधीच फोन कर, मार्शमेलोऐवजी वर पेकान आणि ब्राउन शुगर घाला म्हणावं, कितीतरी घरांत तसंच करतात, त्यांना वावगं वाटणार नाही.

नैवेद्याला घारगे कर. डबाबंद भोपळा आण पण नुसता प्युरे, पाय फिलिंग नको, त्यात साखर-मसाला आधीच असतो. प्युरे कढईत आटवून मग गूळ, नाहीतर कणीक घेतच राहशील. आणि क्रॅनबेरी सॉसच्या शेजारी आपलं क्रॅनबेरीचं लोणचं ठेव. १२ औंसाची पिशवी, बेऱ्या अर्ध्या चिरायच्या, मीठ, तिखट, मोहरीची डाळ, भरपूर गूळ, वर हिंगाची गार केलेली फोडणी. लिंबू अजिबात नको, ती मुळात एवढी आंबट की दात आंबतात. आमचा जावई हल्ली टर्कीला सॉस लावतच नाही, हेच.

डहाळ्यांचं म्हणशील तर आंब्याची पानं इंडियन ग्रोसरीत मिळतील, विड्याची पण. बाकी अंगणातलं पाइन. होली, आयव्ही, ऱ्होडोडेंड्रॉन हिरवेगार दिसतात पण विषारी, नैवेद्याच्या ताटाजवळ नकोच.
नीलाकाकू

---

काकू _/\_ लार्डचं माहीतच नव्हतं, आता आमच्या फ्रीजरमधला पाय उलटा करून वाचतो.
मंदार

---

काकू, काल विहीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या पेकानचंच आम्हाला जास्त आवडतं, मार्शमेलो फक्त नातवंडांच्या हट्टाने. पाय त्या आणणारच, तो दुपारच्या टेबलावर. व्याही ग्रिलचं ऐकून उलट खूश, घरात कोणी मध्ये लुडबुड करणार नाही म्हणे. सासूबाईंना सगळं सांगितलं तर एवढंच म्हणाल्या, "त्यांचा पक्षी त्यांच्या अंगणात, माझ्या कढईला हात लावू नका." आणि कहाणी वाचताना पाहुण्यांनाही बसवायचंय त्यांना, सून इंग्रजीत सांगणार आहे, बघू कहाणीतला भद्रश्रवा राजा तिला कितपत झेपतो ते!
आमचं ग्रिल लहान आहे, १६ पौंडाची टर्की झाकणाखाली मावेल असं कोणाचं मोठं ग्रिल बुधवारी संध्याकाळी नेता येईल का? पिकअप ट्रक आहे आमच्याकडे. चौरंग पण हवाय.
शुभांगी