दहा बाजूंचा फासा वेगळा का?

प्रश्न (परभणी): पुतण्यानं पुण्याहून सात फाशांचा संच आणला. नववीच्या लेकरांना भूमितीत दाखवतोय. ४, ६, ८, १२, २० बाजूंचे सुबक, १०चे दोन मात्र पतंगाच्या आकाराच्या बाजूंचे. का?

उत्तर (लातूर): सर, कोपऱ्यात किमान तीन पृष्ठं भेटावी लागतात, अन् कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमीच हवी. समभुज त्रिकोण तीन, चार किंवा पाच बसतात. चौरस तीन, सुसम पंचकोन तीन. बस, पाचच सुसम आकार, त्यांत १० बाजूंचा नाही! पुठ्ठ्याचे सहा त्रिकोण जोडायला लावा, सपाट पडतात, लेकरांना लगेच कळतं. १०च्या फाशाचे सगळे पतंग एकसारखे, म्हणून दान पडायची संधी सारखीच.

उत्तर (संभाजीनगर): वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना आहेत. सहलीला न्याच!

प्रश्नकर्ता: नेतो. २०च्या फाशावर समोरासमोरची बेरीज २१ भरली, आत्ताच मोजली!