मदत हवी आहे : वेगळे राहत असताना मुलाच्या खर्चाची रक्कम कोर्ट कशी ठरवतं?

नमस्कार. कायद्यातलं कळणाऱ्या किंवा यातून गेलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर सांगावं.

मी आणि नवरा गेली दोनेक वर्षं वेगळे राहतो. घटस्फोटाचा अर्ज दोघांपैकी कोणीच केलेला नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे, माझ्याकडे असतो. शाळेची फी नवरा भरतो, पण ती भरली की पुढचे काही महिने एक पैसा येत नाही. मागितलं की "तुला पगार आहे ना" हे ठरलेलं उत्तर. फी म्हणजे मुलाचा सगळा खर्च नव्हे, हे त्यांना पटवून मी थकले आहे. डॉक्टर, कपडे, शाळेची बस, मी कामावर असताना त्याला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, हे सगळं माझ्यावर येतं.

मला स्वतःसाठी पोटगी नको आहे. मुलासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला यावी, एवढंच हवंय. दर वेळी हात पसरायला नको वाटतं, आणि मुलालाही आता ते फोन ऐकू येतात.

घटस्फोट न मागता फक्त मुलासाठी अर्ज करता येतो का? मी कमावते म्हणून कोर्ट "तुमचं तुम्ही बघा" म्हणेल का? नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, कागदावर उत्पन्न फार कमी दिसतं. मग रक्कम कशावरून काढतात? कोणी म्हणतं पंचवीस टक्के, कोणी एक तृतीयांश. असं काही कोष्टक खरंच आहे का?

प्रतिसाद

ताई, मी कौटुंबिक प्रकरणांत वकिली करते. तुमच्या कागदपत्रांशिवाय नेमकी रक्कम सांगता येणार नाही, पण पद्धत सांगते.

अर्ज करता येतो, घटस्फोटाची गरज नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४; नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलासाठी त्याखाली थेट अर्ज होतो, तोही तुम्ही राहता तिथल्या कोर्टात. फॅमिली कोर्ट असेल तर तिथे, नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. तुम्ही दोघं हिंदू असाल तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० हाही मार्ग आहे. त्यात मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही आहे.

कोष्टक नाही. पंचवीस टक्क्यांची गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या एका निकालातून पसरली, पण ते पत्नीच्या पोटगीबद्दल होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका प्रकरणात कुटुंबाचं उत्पन्न वाटून दाखवलं होतं : कमावणाऱ्याला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. काही न्यायाधीश अजूनही अंदाजासाठी तसं करतात. बंधन मात्र कुणावर नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निकाल रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, नोव्हेंबर २०२०. त्यानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न, कर्जं आणि खर्च सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. व्यवसाय असलेल्यांची खरी परीक्षा इथे होते. रिटर्नमध्ये कमाई किरकोळ, पण घर, गाडी, विम्याचे हप्ते, क्रेडिट कार्डाची बिलं वेगळंच सांगत असतील, तर न्यायाधीश राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्यास वेगळी कारवाई होऊ शकते. हौसेने काढलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून "हातात काही उरत नाही" म्हणणंही सहसा चालत नाही. उत्पन्नातून आयकर मात्र वजा होतो, कारण तो टाळता येत नाही.

आता तुमच्या पगाराबद्दल. त्याच निकालात मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी, शिक्षण आणि शिकवणी सगळं धरलं आहे. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, आणि आईचं उत्पन्न पुरेसं असेल तर तो दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो, असंही म्हटलं आहे. समजा दोघांच्या मिळून शंभर रुपयांत साठ त्यांचे आणि चाळीस तुमचे असतील, तर खर्चही त्याच अंदाजाने वाटला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या नोकरीमुळे तुमचा वाटा वाढेल, त्यांची जबाबदारी संपणार नाही. शिवाय मूल ज्याच्याकडे राहतं तो पालक वेळ आणि कष्टही देतो. युक्तिवादात हे ठामपणे मांडायला सांगा, अनेकदा ते राहून जातं.

आजच मुलाच्या खर्चाची वही सुरू करा. महिन्याचा खर्च वेगळा, वर्षातून एकदा येणारा वेगळा. घरभाडं आणि विजेच्या बिलातला मुलाचा हिस्साही लिहा. पावत्या नसतील तिथे यूपीआयची नोंद चालते. आकडे फुगवू नका. एक आकडा खोटा ठरला की बाकीच्यांवरही शंका घेतली जाते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

प्रतिसाद

मी पैसे देणारा बाप आहे, म्हणून थोडं लिहितो. आमची रक्कम समुपदेशकांसमोर बसून ठरली. आधी मलाही ती मागणी स्वतःवरचा हल्ला वाटायची. बायकोने खर्चाचा कागद समोर ठेवला, तेव्हा मुलीच्या दातांच्या उपचाराचा खर्च मला पहिल्यांदा दिसला. त्यानंतर घासाघीस फार झाली नाही. तुम्हीही एकदा असा कागद पाठवून बघा, आणि काहीही ठरलं तरी ते कोर्टासमोर लेखी करून घ्या. दरवर्षी किती टक्के वाढ, फी कोणी थेट शाळेत भरायची, अचानक दवाखाना निघाला तर कसं वाटायचं, हे त्यातच लिहा. आणि पैसे बँकेतूनच घ्या, रोख नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वही आजपासून सुरू करते. दोन गोष्टी राहिल्या. मागच्या दोन वर्षांचे पैसे मिळतील का? आणि ते म्हणतात, "मुलाला भेटू देत नाहीस तर पैसे कसले?" खरं तर ते दर रविवारी भेटतात, पण उद्या भेटण्यावरून वाद झाला तर?

प्रतिसाद (वर लिहिलेली वकील)

रजनेश निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे मागच्या दोन वर्षांची आशा धरू नका. उशीर मात्र करू नका, जाणारा प्रत्येक महिना मुलाचा जातो. अर्जाबरोबरच अंतरिम रक्कम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती रक्कम, मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

भेट आणि खर्च हे दोन वेगळे हक्क आहेत आणि दोन्ही मुलाचे आहेत. भेट अडली म्हणून त्यांना पैसे थांबवता येत नाहीत, आणि पैसे थकले म्हणून तुम्हीही भेट थांबवू नका. रविवारच्या भेटींची नोंद त्याच वहीत ठेवा.

आदेशानंतर रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, ही मुदत चुकवू नका. आणि मुलाचा खर्च वाढला किंवा दोघांपैकी कोणाचं उत्पन्न बदललं, तर त्याच नव्या संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते. हा मार्ग तुमच्या नवऱ्यालाही खुला आहे.