मदत हवी आहे: पेक्स पाइपचा जॉइंट गळतोय, उद्या टाइल्सवाला येतोय

मयूरकॉलनी: कोथरूडला आईबाबांच्या फ्लॅटमधली बाथरूम नव्याने करतोय. प्लंबरने पेक्सची (लवचिक प्लास्टिक पाइपची) लाइन टाकली, दोन दिवसांत एक जॉइंट गळायला लागला. दोनदा आवळून दिला तरी थेंब पडतातच. आता तो फोन उचलत नाही. वरून काही लावून थांबेल का? लवकर सांगा.

बोहरीआळी: गरम लाइन की थंड? जॉइंट कसला? फोटो टाका.

सीपीव्हीसीच_बरा: आमच्याकडे 2009 पासून सीपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप आहे, एक थेंब गळलेला नाही. सोल्युशनने जॉइंट चिकटवला की विषय संपला. काढून टाका ते.

बोहरीआळी: अहो, लाइन भिंतीत बसलीये त्यांची! मयूर, सोल्युशन-बिल्युशन लावू नका, पेक्सला ते धरत नाही.

सीपीव्हीसीच_बरा: म्हणूनच म्हणतो, जे चिकटतच नाही ते घ्यावं कशाला?

गच्चीवरचा_सोलर: पेक्स उन्हात उघडा ठेवू नका, खराब होतो. आम्ही गच्चीतला सगळा पाइप झाकून घेतलाय.

मयूरकॉलनी: गच्चीत काही नाही, बाथरूममधलंच विचारतोय. गरम लाइन आहे. पाइपच्या कापात मध्ये चांदीसारखा थर दिसतो. जॉइंटला पितळी नट. त्याने पाइप लोखंडाच्या करवतीने कापला होता.

बोहरीआळी: हे आधी सांगायचं ना! म्हणजे मध्ये ॲल्युमिनियम असलेला पाइप. करवतीने काप वाकडा येतो आणि कडेला कुसळं राहतात. पाइप फिटिंगवर दाबताना ती कुसळं आतली रबरी रिंग कापतात, मग नट कितीही आवळा. पाइप कटरने दोन इंच मागे, सरळ कापा. रीमर फिरवून तोंड गोल करा. रिंगा नव्या घाला.

निगडीची_सुधा: या पाइपचं पाणी पिण्याला चालतं का? आमचं किचन व्हायचंय.

मयूरकॉलनी: दोन इंच कापला तर पुरणार नाही, कोपऱ्यात ताणूनच बसवलाय.

बोहरीआळी: ताण असेल तर जॉइंट आज ना उद्या सुटेलच. नवा तुकडा घालावा लागेल, आणि नटाचा जॉइंट टाइलमागे बुजवायचा नाही. भिंतीत मशीनने दाबून बसवायचं प्रेस फिटिंगच हवं. पंपाने लाइनमध्ये प्रेशर भरून रात्रभर बघा, मीटरचा काटा खाली आला नाही तरच टाइल.

मयूरकॉलनी: टाइल्सवाल्याला उद्याऐवजी परवा यायला सांगितलं. प्रेस मशीन घेऊन येणारा कोणी कोथरूडमध्ये माहीत आहे का?