जावा कुठेही चालतं म्हणतात, मग मित्राच्या मशीनवर का अडलं?

नवीनच_आलोय
नमस्कार मंडळी, जावा शिकायला लागून दीड महिना झालाय, त्याआधी थोडंफार सी केलेलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, खर्चाची फाईल वाचतो आणि महिन्याची बेरीज दाखवतो, बस एवढंच. माझ्याकडे विंडोज आणि जावा २१, इथे मस्त चालतो. मग क्लास फाईली तशाच मित्राला पाठवल्या, त्याच्याकडे लिनक्स आहे, तर तिथे अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर असं लांबलचक काहीतरी येतं, त्यात ६५.० आणि ५५.० असे दोन आकडे दिसतात. मित्र म्हणतो विंडोजवर कंपाईल केलेलं लिनक्सवर चालणारच नाही. पण मी तर पहिल्याच धड्यात वाचलं की एकदा लिहा आणि कुठेही चालवा! मग खरं काय? आणि जेडीके, जेआरई, जेव्हीएम या तिघांत फरक काय तेही कुणीतरी साध्या भाषेत सांगा प्लीज, वाचून वाचून नुसता गुंता झालाय.

बाईटकोड_प्रेमी
लिनक्सचा इथे काही संबंध नाही. सी असतं तर मित्राचं बरोबर होतं, कारण सीचा कंपायलर थेट त्या प्रोसेसरचा आणि त्या ओएसचा कोड काढतो. जावाचा कंपायलर, म्हणजे जावासी, तसं करत नाही. तो बाईटकोड काढतो, म्हणजे जेव्हीएम नावाच्या एका कल्पित मशीनसाठीच्या सूचना, आणि त्या विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे त्याच राहतात. जेव्हीएम मात्र प्रत्येक ओएससाठी वेगळी बनवावी लागते, ती स्वतः सगळीकडे एकच नसते, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आता एरर. प्रत्येक क्लास फाईलच्या सुरुवातीला चार ठरलेले बाईट असतात (हेक्समध्ये बघितलं तर चक्क 'कॅफेबेब' असं वाचता येतं) आणि त्यामागोमाग फाईलच्या आवृत्तीचा आकडा. त्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. ६५ म्हणजे २१, ५५ म्हणजे ११. तुम्ही २१ ने कंपाईल केलंय आणि मित्राकडे ११ आहे, त्याच्या जेव्हीएमने आकडा बघून फाईल नाकारली. जुनी क्लास फाईल नव्या जेव्हीएमवर चालते, उलटं नाही चालत.

तिघांचं म्हणाल तर, जेव्हीएम बाईटकोड चालवते, तिच्यासोबत स्टँडर्ड लायब्ररी आली की जेआरई, आणि त्यात जावासी वगैरे बनवायची हत्यारं घातली की जेडीके. जावा ११ पासून ओरॅकल वेगळी जेआरई देतच नाही, त्यामुळे सरळ जेडीके टाका आणि पुढे चला.

रात्रीचा_डिबगर
वरचं सगळं बरोबर. उपाय दोन आहेत, एक तर मित्राने नवी आवृत्ती टाकावी, नाहीतर तुम्ही जावासीला रिलीज ११ हा पर्याय देऊन पुन्हा कंपाईल करा. सोर्स आणि टार्गेट असे जुने पर्याय पण सापडतील पण ते नका वापरू, ते फक्त भाषा आणि फाईलचा आकडा बघतात, लायब्ररी नाही. म्हणजे स्ट्रीमवरची टू-लिस्ट मेथड १६ मध्ये आली, ती वापरली असेल तर तुमच्याकडे गुपचूप कंपाईल होईल आणि समोरच्याकडे चालताना मध्येच कोसळेल. रिलीज दिलं की कंपाईल करतानाच कळतं. मी यात एक अख्खी रात्र घालवलीय म्हणून सांगतोय.

आणि हे मधलं मशीन का आणलं ते कळलं की गोष्ट लक्षात राहते. १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेम्स गॉसलिंग वगैरे मंडळी घरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी काम करत होती, तिथे प्रत्येक वस्तूत वेगळी चिप, प्रत्येकीसाठी वेगळा कंपायलर कोण करत बसणार. तेव्हा भाषेचं नाव ओक होतं, १९९५ ला जावा म्हणून जाहीर झाली, तोवर वेब आलं होतं आणि तिथेही हीच गरज होती.

सी_वाला_जुना
पण मग मध्ये एक थर आला म्हणजे जावा हळूच चालणार ना? आम्ही तर तेच ऐकत आलोय.

बाईटकोड_प्रेमी
सुरुवातीच्या काळात खरंच हळू होतं. पण हॉटस्पॉट नावाची जेव्हीएम चालता चालता मोजत राहते की कुठली मेथड पुन्हा पुन्हा बोलावली जातेय, आणि तेवढ्याच मेथड त्या मशीनच्या खऱ्या कोडमध्ये बदलते, याला जेआयटी म्हणतात. २००० साली जावा १.३ पासून हे डिफॉल्ट आहे. प्रोग्रॅम चालू व्हायला थोडा वेळ जातो हे कबूल, पण बराच वेळ चालणाऱ्या सर्व्हरला त्याने फारसा फरक पडत नाही.

शिकवते_जावा
प्रश्न विचारणाऱ्याला, तू सीमधून आलायस म्हणून एक सांगते, भाषा आणि प्लॅटफॉर्म या दोन गोष्टी वेगळ्या ठेव पण एकमेकींना कशा धरून आहेत तेही बघ. सीमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ताच, हातात असतो, त्यात बेरीज करून कुठेही जाता येतं. जावात ऑब्जेक्टचा फक्त रेफरन्स मिळतो, खरा पत्ता कधीच हातात येत नाही. वरवर हे बंधन वाटतं, पण त्यामुळेच गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा जेव्हीएमचा भाग) तुझा ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडे हलवू शकतो आणि तुझ्या कोडला पत्ताही लागत नाही, आणि म्हणूनच सीसारखं मेमरी सोडायला फ्री लिहावं लागत नाही. हेच विसरून नवीन मुलं दोन स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासतात, ते फक्त रेफरन्स एकच आहे का एवढंच बघतं, मजकूर बघायला इक्वल्स लागतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये ही चूक होते, तुझ्या प्रोग्रॅममध्ये पण एकदा बघून घे.

नवीनच_आलोय
सगळ्यांचे खूप आभार, पहिल्यांदाच चित्र डोळ्यासमोर आलं. रिलीज ११ देऊन बघितलं तर रेकॉर्ड चालणार नाही म्हणून एरर आली, मी खर्चासाठी रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवायचा नव्या जावातला छोटा क्लास) वापरलाय. मग मित्राने २१ टाकलं आणि माझ्या त्याच विंडोजवाल्या क्लास फाईली लिनक्सवर चालल्या! इक्वल्सची चूक पण एका जागी सापडली. फक्त आता खर्चाची फाईल सापडत नाही म्हणतो, फोल्डर तर तसंच ठेवलंय.

रात्रीचा_डिबगर
पाथ उलट्या तिरप्या रेघेने लिहिलाय का? लिनक्समध्ये ती फोल्डर वेगळं करत नाही, नावातलंच एक अक्षर धरलं जातं. बाईटकोड सगळीकडे सारखा असला तरी तुमच्या स्ट्रिंगमध्ये काय लिहिलंय ते जेव्हीएम बदलत नाही. पाथच्या ऑफ मेथडला फोल्डर आणि फाईलचं नाव वेगवेगळं द्या, मधलं चिन्ह ती त्या त्या ओएसप्रमाणे स्वतः घालते.

नवीनच_आलोय
हो, तेच होतं. चाललं!