कोळशाचं चित्र हाताला लागून फिसकटतं, काय करू? (बजेट ५०० रुपये)

घाटावरची_पाटी
नमस्कार. शाळेत इंटरमिजिएट दिली होती, त्यानंतर थेट तीस वर्षांनी, या जूनपासून कोळसा हातात घेतलाय. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी नाशिकच्या गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ काढतेय. त्यांचं बालपण पंचवटीत गेलं, आता सिन्नरला असतात, म्हणजे चित्र बसने न्यायचं आहे.
अडचण अशी की शिखर छान जमतं, पण घाटाच्या पायऱ्यांपर्यंत येते तोवर करंगळीकडची हाताची कड काळीकुट्ट आणि शिखरामागचं आकाश राखाडी. तीन कागद वाया गेले. विलोच्या (जळलेल्या फांदीच्या) काड्या आहेत, कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा, ए-३. ५०० च्या आत काय घेऊ? सासूबाईंना दमा आहे, तेही लक्षात घ्या.

रविवार_कारंजा
फिक्सेटिव्ह स्प्रे, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा. दुसरा उपायच नाही. कॅम्लिनचा मिळतो. आणि आडव्या टेबलावर काढू नका, भुकटी तिथेच बसते आणि हाताखाली येते. मी सुताराकडून सागवानी ईझल (चित्र उभं ठेवायची घोडी) करून घेतलं, ४,००० गेले, पण भुकटी आपोआप खाली पडते. पैसा वसूल.

तर्री_कमी
स्प्रे कशाला? हेअर स्प्रे मारा. मी कॉलेजपासून तेच करतोय, एक चित्र पुसलेलं नाही.

सातपूरकर७
हेअर स्प्रे अजिबात नको. माझ्या आजीचं पोर्ट्रेट त्यानेच पिवळं पडलं. आधी फक्त कपाळावर डाग दिसला, मग सगळा कागद. आजी आता नाही, परत समोर बसवून काढता येत नाही.

तर्री_कमी
तुमचा कागदच हलका असेल.

सातपूरकर७
कागद चांगला होता.

कागद_फाडू
वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून उजवीकडे खाली या. हात कोऱ्या भागावरच राहतो. फुकटचा उपाय.

गोदामाई
व्हॅन गॉग पेन्सिलीच्या चित्रांवर दूध-पाणी ओतायचा, त्याच्या पत्रांतच आहे. तो वाचून मी कोळशावर पातळ दूध फवारलं. रेघ टिकली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर मुंग्यांची रांग. तुम्ही करू नका.
बाकी, चित्रात घंटा घेतलीत ना? १७३९ च्या वसई विजयानंतर आणलेली. घंटेशिवाय नारोशंकर म्हणजे काहीच नाही.

रविवार_कारंजा
घंटेपेक्षा दुतोंड्या मारुती घ्या, गोदेच्या पात्रातली ती मूर्ती. पुराचं पाणी कुठवर आलं हे त्याच्याकडे बघूनच कळतं, पंचवटीत वाढलेल्या माणसाला तीच खूण पटेल.

गोदामाई
मारुती देवळाच्या चौकटीत बसेल का? कागद ए-३ आहे.

सातपूरकर७
धागा कोळशाचा आहे हो.

पाटी_पेन्सिल
वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली या, हात घासत नाही.

घाटावरची_पाटी
मी तेच करत होते. मी डावखुरी आहे, हे आधी सांगायला हवं होतं.

चित्रकला_तास
तेच कारण आहे, ताई. डावखुऱ्याने उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली यायचं. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं डावखुरी असतात, एलिमेंटरीच्या तयारीत त्यांना आधी हेच सांगते.
आता नीट सांगते. विलोच्या काडीत डिंक नसतो, ती नुसती जळलेली फांदी. कण कागदाच्या खडबडीत अंगात अडकतात तेवढेच, म्हणून बोट लागलं की निघतात. कार्ट्रिज गुळगुळीत, त्यामुळे ते धरूनही ठेवत नाही. पेस्टलचा सुटा कागद घ्या. काम्प्रेस्ड (दाबून बनवलेल्या) कांडीत आणि चारकोल पेन्सिलीत चिकटवणारा पदार्थ असतो, त्या जास्त टिकतात पण खोडायला अवघड. म्हणून विलोने आखणी आणि छटा, शेवटचा गडद काळा पेन्सिलीने.
हात टेकवायचाच नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या जाडीची पुस्तकं ठेवून त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाका, मनगट तिच्यावर. करंगळीखाली बटर पेपर ठेवत असाल तर तो सरकवू नका, उचलून ठेवा. सरकवला तर तोच फिसकटवतो. भुकटी फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब पडला की तिथे डाग कायमचा. कागद उभा धरून मागून टिचकी मारा.
स्प्रे मारायचाच तर गच्चीवर, साधारण ३० सेंमीवरून, दोन-तीन पातळ हात. पहिला फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा, नाहीतर थेंब उडतात. राळ स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, वास घरात येतो.

रविवार_कारंजा
म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच.

तर्री_कमी
गच्चीवर या पावसात?

देवळाली_फ्रेम
एक महत्त्वाचं राहिलं. बसने न्यायचं म्हणून मी एकदा काचेऐवजी ॲक्रिलिक लावून घेतलं. पुसायला गेलो, त्यात स्थिर वीज तयार झाली आणि कोळशाची भुकटी उठून आतल्या बाजूला चिकटली. चेहऱ्याचा अर्धा गाल ॲक्रिलिकवर गेला. काच लावा, आणि कडेने जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे काच चित्राला टेकणार नाही.

घाटावरची_पाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसले आणि जे केलं ते इथे कोणीच सुचवलं नव्हतं.
पट्टी आणि पुस्तकं घेतली, उजवीकडून सुरुवात केली. शिखराचा कळस झाला आणि पुन्हा मनगट निसटलं, आकाश पुन्हा मळलं. तेव्हा जुन्या धोतराचा तुकडा घेऊन सगळा कागद काडीने आणि फडक्याने एकसारखा राखाडी करून टाकला. मग कणकेसारखं मळता येतं ते खोडरबर, तेवढंच विकत घेतलं, चिमटीत टोकदार करून उजेड काढत गेले: कळसाची कड, पायऱ्यांवर सांडलेलं पाणी, घंटेचा एक काठ. गडद सावल्यांना चारकोल पेन्सिल, तीही भाच्याची. दगड काळाच आहे तिथला. फिसकटलेलं त्या राखाडीत मिसळून गेलं.

चित्रकला_तास
छान केलंत. पण स्प्रे हवाच, राखाडी थर तर सगळ्यात आधी निघतो.

रविवार_कारंजा
स्प्रेशिवाय सिन्नरला नेणार? अहो, पोहोचेपर्यंत अर्धं उरेल.

घाटावरची_पाटी
स्प्रे नाही मारणार. पहिल्या प्रयत्नातल्या कागदावर गॅलरीत थोडा मारून पाहिला होता, पायऱ्यांवरचा बारीक उजेड मंदावला. शिवाय वास आत आला आणि सासूबाईंना रात्रभर खोकला. शुक्रवारी फ्रेमवाल्याकडे देते, काच आणि माउंटसकट. तोपर्यंत चित्र कपाटावर पुठ्ठ्याच्या चौकटीत झाकून ठेवलंय, वरचा पुठ्ठा चित्राला टेकत नाही.
घंटा घेतली आहे, गोदामाई. मारुती डाव्या कोपऱ्यात, गुडघ्यापर्यंत पाण्यात.