सपाट मुलखातल्या शेतीगावाची हवा खरंच स्वच्छ असते का?

धुरकट_संध्याकाळ
"शहरात प्रदूषण आणि गावात शुद्ध हवा" हे पालुपद आता बंद करा राव. लहान शेतीगाव, चहूबाजूंनी सपाट, मध्ये साधी टेकडी नाही, मग लोकांना वाटतं वारा मोकळा म्हणजे हवा मोकळी. सुगी उरकून थंडी पडायला लागली की एखाद्या संध्याकाळी बाहेर उभं राहून बघा. रानात पेटवलेल्या धसकटाचा (कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांचा) धूर सरळ वर जातो, काही मजले चढतो आणि तिथंच अडतो, मग आडवा पसरत जातो, चादर अंथरल्यासारखा. निरभ्र रात्री जमीन पटकन गार होते, तिच्यालगतची हवाही गार, आणि वरची हवा त्यापेक्षा उबदार, म्हणजे एरवीच्या बरोबर उलटं. मग खालचं काही वर उठतच नाही. डोंगर नसले तरी झाकण बसतंच, आणि सकाळी ऊन चढून जमीन तापेपर्यंत सगळं आपल्याच नाकात.

आता कोणी वर्षाची सरासरी दाखवून "ठीक आहे की" म्हणू नका. समजा ११ महिने पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) दहावर आणि १ महिना दीडशेवर, तर सरासरी येते २१-२२. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा वर्षाला ५ आणि २४ तासांना १५ मायक्रोग्रॅम दर घनमीटर हवेत, म्हणजे २२ पण वाईटच, पण त्या एका महिन्याचा त्यातून काही पत्ता लागतो का? दम्याचा माणूस काय वर्षाची सरासरी ओढतो का नाकातून?

चार_एकर
आलं, फिरून शेतकऱ्यावरच आलं. अहो हौस म्हणून कोण पेटवतं? हार्वेस्टर वरचं कापून जातो, खाली धसकट आणि काड्याचा ढीग, आणि पुढच्या पेरणीला हातात दिवस किती ते तुम्ही मोजलेत का कधी? गाडून टाका म्हणायला सोपं आहे. सुका काडीकचरा मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलाच नत्र ओढून घेतात, कोवळं पीक पिवळं पडतं, मग वरून जास्तीचा युरिया टाका. जाळल्यावर काडीतला बराचसा नत्र धुरातून उडून जातो हे पण माहितीय आम्हाला, आम्ही काय येडे नाही.

लेझरवाला
थोडं हवा मोजणाऱ्या मीटरबद्दल. ते जे स्वस्तातले डबे लोक गॅलरीत लावतात ते लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो त्यावरून आकडा काढतात. पहाटे धुकं असलं की कण पाणी पिऊन फुगतात आणि डबा वाढवून सांगतो. तेव्हा पहाटेचा स्क्रीनशॉट टाकून बोंब मारायच्या आधी आर्द्रता बघा. उलट नांगरणीच्या दिवसांत तोच डबा कमी दाखवतो कारण धुळीचे मोठे कण त्याला नीट पकडताच येत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटतेय आणि ॲपवर हिरवा रंग, हे म्हणून होतं.

धुरकट_संध्याकाळ
@लेझरवाला मान्य, पण फुगलेला आकडा अर्ध्यावर आणला तरी १५ च्या कितीतरी वरच ना?

वाऱ्याची_दिशा
तुम्ही सगळे धुरावरच अडकलात. पेरणीआधी रान कोरडं असताना रोटाव्हेटर फिरला, कच्च्या रस्त्यानं ट्रॉल्या धावल्या, मळणीचा भुसा उडाला, ही धूळ कोणाच्या खात्यात? १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी भागात गवताळ रानं नांगरून टाकली, वर दुष्काळ पडला, आणि १४ एप्रिल १९३५ ला भरदिवसा अंधार झाला एवढी माती उडाली. तिथं काही कोणी धसकट पेटवलं नव्हतं. नंतर त्यांनी वारा अडवायला झाडांचे पट्टे लावले. आपल्याकडं बांधावरचं झाड सावली पडते म्हणून आधी तोडतात, असो.

आकडेमोड्या
आणि युरिया राहिला की. वरवर फेकला, मातीआड केला नाही, की त्यातला अमोनिया हवेत जातो, गाड्यांच्या धुरातून बनलेल्या आम्लाशी जुळतो आणि त्याचे बारीक कण होतात, गार दमट हवेत तर जास्तच. ना धूर दिसतो ना वास येतो. त्यामुळं "पेटवणं बंद म्हणजे हवा साफ" हे पण अर्धवटच.

चार_एकर
हे बरोबर बोललात. आणि मी तरी रात्री पेटवत नाही, दुपारी ऊन तापल्यावर, वारा वस्तीकडं नाही बघून. त्या वेळी धूर वर निघून जातो.

धुरकट_संध्याकाळ
ज्वाळेचा जातो हो दादा. पण बुडखे रात्रभर धुमसत राहतात त्याचं काय, धुमसणाऱ्याचा धूर तर जास्त वाईट, आणि तो नेमका झाकण बसल्यावर निघतो. परवा रात्री २ ला उठलो तर तुमच्यासारख्याच एका दुपारवाल्याच्या रानात लाल ठिपके दिसत होते. धसकटातच पेरणारं यंत्र येतं की आता, पाचदहा जणांनी मिळून घ्या, आळीपाळीनं वापरा.

चार_एकर
बुडखे धुमसतात हे खरंय, नाही कशाला म्हणू. यंत्र पण चांगलंय, बघितलंय मी चालताना. पण दहा जणांत एक घेतलं तर दहाही जणांची पेरणी एकाच आठवड्यात येते, त्यात दहावा नंबर कोणाचा ते तुम्ही ठरवायला या.