सँडी डेनी: झेपेलिनच्या त्या गाण्यापलीकडे

इंग्लिश गायिका सँडी डेनीची ओळख कुणीतरी 'रॉक बँड लेड झेपेलिनच्या १९७१च्या गाण्यात ('द बॅटल ऑफ एव्हरमोर') त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट याच्याबरोबर गायलेली बाई' अशी करून दिलीय. खरं आहे, पण तेवढ्यावर तिची बोळवण नको.

लंडनच्या फोक (लोकसंगीताच्या) क्लबांत गाणारी सँडी १९६८मध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश बँडमध्ये आली. तोवर ही मंडळी बरीचशी अमेरिकन वळणाचं वाजवायची. १९६९च्या 'लीज अँड लीफ' या अल्बममध्ये त्यांनी जुनी ब्रिटिश लोकगीतं थेट इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर घेतली. त्यातलं 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐकाच. व्यभिचार, सूड, खून, सगळं आहे. आणि सँडी आक्रोश न करता नुसती गोष्ट सांगत जाते! आपल्या पोवाड्यातल्या आवेशाच्या अगदी उलट.

या अल्बमनंतर लगेच सँडीनं बँड सोडला, कारण तिला स्वतःची गाणी लिहायची होती. 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' तर तिनं विशीच्या उंबरठ्यावरच लिहिलेलं. अमेरिकन गायिका जूडी कॉलिन्सनं ते १९६८मध्ये गायल्यावर अमेरिकेत पोचलं. सँडीच्या एकल अल्बमपैकी १९७२चा 'सँडी' माझ्या मते सर्वात सरस. पुढच्या अल्बममध्ये व्हायोलिनांचा मारा जरा जास्तच झालाय. १९७८मध्ये, ३१व्या वर्षी ती गेली.